उजव्या हाताला विहार

बर्फावरच्या शर्यतीत कॅम्प पाचची मुलगी काय करत होती, असं मला अजून लोक विचारतात. विचारताना थोडं हसतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. उल्हासनगरच्या या कॅम्पात बर्फ पाहायचा तर तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर कोळणीच्या पाटीत. आता आम्ही बदलापूरला शिरगावात राहतो. लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यापर्यंत चढताना माझा डावा गुडघा बोलायला लागतो, आणि शेजारच्या बाई विचारतात, पडला होतात का कुठे? पडले होते, मी सांगते, कोरियात. त्यांना वाटतं ही बाई थट्टा करते. केसांत पांढरं दिसू लागलं, मुलगी माझ्याएवढी उंच झाली, तरी या गुडघ्याची हकीकत कुणाला धड सांगायची राहूनच गेली. पप्पा होते तोवर सांगता येण्यासारखी नव्हती.

आमचं कॅम्प पाचचं घर म्हणजे एक खोली, वर पोटमाळा आणि दाराशी मोरी. खालच्या गाळ्यात जीन्सच्या पँटी शिवायचा कारखाना होता. सकाळी आठला मशिनी सुरू झाल्या की आमची लादी थरथरायची आणि मांडणीतली भांडी दिवसभर बारीक किणकिणत राहायची. शिवून झालेल्या पँटींचे गठ्ठे वर आईकडे यायचे. त्यांचे लोंबते धागे कापायचं काम ती घरी बसून करी. एका बाजूला न कापलेला ढीग, दुसऱ्या बाजूला कापलेला, मध्ये आई, आणि तिच्या कात्रीची कचकच. त्या कापडाची निळी लव घरभर उडायची. पप्पांच्या मिशांत, पाण्याच्या हंड्यावर, कधी वरणातसुद्धा. पप्पा तो धागा दोन बोटांनी काढून ताटाच्या कडेला लावायचे आणि पुढचा घास घ्यायचे. आई म्हणायची, आपल्याकडे कोथिंबीर निळीच मिळते. भिंतीपलीकडे मोहिनी आंटी राहायच्या. त्या सिंधी. त्यांच्याकडून आमच्याकडे कोकी यायची, कांदा-मिरची घातलेली, जाड, दोन-तीन दिवस टिकणारी पोळी. आमच्याकडून त्यांच्याकडे चोरून सुकटीची चटणी जायची, कारण त्यांच्या सासूला वास चालत नसे. मी एकुलती एक. माणसांनी आणि पँटींनी खोली एवढी भरलेली असायची की एकटं वाटून घ्यायलाही जागा नव्हती. तरी मला एकटं वाटायचं, आणि त्याला कारण माझ्या पायातली चाकं.

पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात हेल्पर होते. तिथल्या अधिकाऱ्यांच्या वसाहतीत सिमेंटचं एक रिंक होतं आणि संध्याकाळी अधिकाऱ्यांची मुलं तिथे स्केटिंग शिकत. नळदुरुस्तीला पाठवलं की पप्पा काम आटोपून जाळीबाहेर उभे राहत. बाहेरच्या मुलांना आत घेतात का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. कुणाकडे काही मागायची वेळ आली की पप्पा दोन्ही हात खिशात घालून उभे राहायचे आणि तसेच परत यायचे. आई त्याला नवसाचा मुका देव म्हणायची. पण बघून बघून त्यांनी सगळं पाठ केलं. गुडघा किती वाकवायचा, हात कसा झुलवायचा, वळणावर पायावरून पाय कसा टाकायचा. मग एके दिवशी बाजारातून जुने स्केट घेऊन आले, आणि जन्मात कधी चाकांवर उभा न राहिलेला हा माणूस नऊ वर्षांच्या मुलीचा कोच झाला.

जागा मात्र एकच होती. गल्लीच्या टोकाला आमचा बुद्धविहार, आणि त्याच्या चारी बाजूंनी घोटून गुळगुळीत केलेला कोबा. पहिल्याच आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षांनी, साळवेकाकांनी, आम्हाला तिथे पकडलं. निवृत्त मास्तर, पांढरा सदरा, बोलणं मोजून मापून. मी रिंकवरची मुलं फिरतात तशी डावीकडे वळत विहाराला फेऱ्या घालत होते. काका म्हणाले, विहार समाजाचा आहे, पोरीने खुशाल खेळावं. "फक्त विहार उजव्या हाताला ठेवून फिरायचं, बबन. लोकांनी आपल्याला पिढ्यान् पिढ्या डावललं. आपण बुद्धाला डावलायचं नाही." डावलणं म्हणजे मुळात डाव्या हाताला टाकून पुढे निघून जाणं, हे काकांनी मला तिथेच समजावून सांगितलं, मास्तरकी अंगातून गेली नव्हती. मला तो अर्थ फार आवडला होता. पप्पा "हो काका" म्हणाले, आणि त्या सकाळपासून मी उजवीकडे वळू लागले.

आता इथे थांबून सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. जगातल्या प्रत्येक रिंकवर शर्यतीत डावीकडे वळत धावतात. डावा हात आत, उजवा बाहेर, आणि वळणावर उजवा पाय डाव्यावरून पुढे पडतो. मी आठवड्याचे सहा दिवस याच्या नेमकं उलटं करत होते. रविवारी पप्पा मला कल्याणच्या बागेतल्या रिंकवर नेत, तिथे तेवढे दोन तास सुलट्या फेऱ्या. या उफराट्या कारभारावर पप्पांनी एक सिद्धान्तही काढला होता: रोज उलटं केलं की सुलटं आपसूक सोपं जातं. आणि गंमत अशी की चाकांवर तो खरा ठरला. सहा दिवसांच्या मेहनतीने दम एवढा वाढला की सरळ पट्ट्यात मी सगळ्यांना मागे टाकायची आणि वळणावर कशीबशी तग धरायची. चाकं तेवढं चालवून घेतात. जिल्हा झाला, राज्य झालं. आईने मेडलं भांड्यांच्या मांडणीला अडकवली, ती मशिनींबरोबर किणकिणू लागली.

पण या सगळ्यात मला मैत्रीण अशी एकही उरली नाही. पहाटे पाचला पप्पा एकदा हाक मारत, दुसरी मारत नसत. सात वाजता त्यांची कारखान्याची बस यायची, तोवर फेऱ्या. मग शाळा, संध्याकाळी पुन्हा फेऱ्या. गल्लीतल्या मुली विहाराच्या पायरीवर बसून गप्पा मारायच्या. मी त्यांच्यासमोरून दर मिनिटाला जायची आणि प्रत्येक वेळी त्यांच्या बोलण्याचा एकच तुकडा ऐकायला मिळायचा. पहिल्या फेरीत "मग तो म्हणाला", पुढच्या फेरीला सगळ्या हसत असायच्या. काय म्हणाला ते मला कधीच कळलं नाही. आज मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या की मी उगाच चहाचा ट्रे घेऊन दोनदा आत जाते, त्याचं मूळ इथे आहे.

मला सतरावं संपत आलं तेव्हा वरून विचारणा आली की बर्फावरच्या छोट्या रिंकच्या शर्यतीसाठी कोरियाला देशाचा संघ पाठवायचा आहे आणि बर्फावर धावणारे लोकच नाहीत, म्हणून चाकांवरचे घेणार. आमची निवड चाकांवरच झाली. मग सिमल्याला पंधरा दिवस उघड्या आभाळाखालच्या रिंकवर सराव, उन्हं वर आली की बर्फाचं पाणी होई आणि आम्ही खोलीत बसून राहू. तिथला बर्फ खडबडीत होता, सगळेच पडत होते, त्यामुळे माझं पडणं वेगळं आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. घरी आले तेव्हा गल्लीत बॅनर लागला होता. मोहिनी आंटींनी डबाभर कोकी केल्या, आईने बरणीत सुकटीची चटणी भरली, आणि साळवेकाकांनी विहारात सगळ्यांकडून त्रिशरण-पंचशील म्हणवून घेतलं. पप्पा विमानतळावर आले नाहीत. पाळी बदलून मागावी लागली असती. दारात एवढंच म्हणाले, गुडघे वाकव.

कोरियातल्या त्या शहराची आठवण म्हणून माझ्याकडे सगळ्यात जास्त आहे ती शांतता. खिडक्या दोनपदरी काचेच्या, बाहेर बर्फ, रस्त्यावर गाड्या जायच्या पण आवाज यायचा नाही. जन्मभर मशिनीच्या थरथरीत वाढलेली मी, मला त्या खोलीत झोप येईना. खोलीतली जोडीदारीण सिमल्याची, मनीषा नावाची. ती पहिल्या दिवशी बरी बोलली, मग मी चटणीची बरणी उघडली. त्यानंतर ती दुसऱ्या मुलींच्या खोलीत झोपायला गेली. तसं सांगून गेली, भांडली वगैरे नाही. मी एकटी पलंगावर बसून कोकीला चटणी लावून खाल्ली आणि रडले, आणि रडताना बरणीचं झाकण घट्ट लावलं, कारण वास त्या मजल्यावर पसरला तर देशाची अब्रू जाईल असं मला वाटत होतं.

पहिल्या सरावाला बर्फावर सगळ्यात आधी मी उतरले. रिंक रिकामं, इतकं सपाट आणि पांढरं की कुठे पाय ठेवावा कळेना. कुणाच्या मागे जायला कुणी नव्हतं. मी घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस सवयीचं करतो. मी उजवीकडे वळले. दीड फेरी झाली असेल, तेवढ्यात दुसऱ्या दाराने एक अख्खा संघ आत शिरला आणि समोरून माझ्या अंगावर आला. शिट्टी वाजली. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सगळे थांबले, आणि मधोमध मी एकटी, उलट्या दिशेला तोंड करून. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पंच आला, त्याने माझे दोन्ही खांदे धरले आणि एखादं कपाट फिरवावं तसं मला फिरवलं.

त्यानंतरचे दोन दिवस मी डावीकडे वळायला बघत होते आणि प्रत्येक वळणावर माझा डावा पाय मला फसवत होता. त्या खेळाच्या बुटांची पातीसुद्धा डावीकडे झुकवून बसवलेली असतात; म्हणजे बूटही त्यांच्याच बाजूचा. दुसऱ्या संघाचा एक म्हातारा कोच कठड्याला टेकून बघत असायचा. दुसऱ्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा त्याने वाकून माझ्या उजव्या मांडीवर टिचकी मारली आणि अंगठा वर केला. मग डाव्या मांडीला हात लावून, कडेवर बाळ घेतल्यासारखे हात हलवले. म्हणाला, "बेबी. हू टीच?" मी म्हटलं, माय फादर. तो बराच वेळ मान हलवत राहिला, हसलाही नाही. विहाराबद्दल, साळवेकाकांबद्दल त्याला सांगायला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं, आणि असतं तरी काय सांगणार होते. त्या क्षणापर्यंत मला वाटत होतं मी बर्फाला नवखी आहे म्हणून पडते. आठ वर्षं मी माझं अर्धंच शरीर तयार केलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

शर्यत पाचशे मीटरची, चौघीजणींची, साडेचार फेऱ्यांची. पिस्तूल वाजलं, आणि सांगायला अभिमान वाटतो, पहिल्या वळणापर्यंत मी दुसरी होते. मग डावा हात बर्फाला टेकवायचा, उजवा पाय वरून टाकायचा. डावा पाय नुसता बसला. मी पाठीवर आडवी होऊन गाद्यांच्या भिंतीवर आपटले आणि गुडघ्यातून काहीतरी सरकल्याचा आवाज मला कानांनी ऐकू आला. उठले. पडलेल्याला शर्यत पुरी करता येते, आणि ती सोडावी असं मला कुणी शिकवलं नव्हतं. बाकी तिघी पोचल्या तेव्हा माझ्या दोन फेऱ्या राहिल्या होत्या. त्या दोन फेऱ्या मी एकटीने काढल्या, एका पायावर जास्त भार देत, आणि वर बसलेले लोक तालात टाळ्या वाजवत होते. टाळ्या प्रेमाने होत्या, हे आज कळतं. तेव्हा त्या लवकर थांबाव्यात एवढंच वाटत होतं.

परत आले तेव्हा गुडघ्याला पट्टा होता आणि गळ्यात हार. गल्लीने काही कमी केलं नाही. विहारात सत्कार झाला, साळवेकाका म्हणाले, पडली तरी पोरगी उभी राहिली. पप्पांनी घरी आल्यावर विचारलं, कसं काय झालं? मी म्हटलं, बर्फ वेगळा असतो, पप्पा. त्यांनी तेच वाक्य उचललं आणि महिनाभर सगळ्यांना सांगितलं, कारखान्यात, दुकानात, मोहिनी आंटींना. बर्फ वेगळा असतो. ते ऐकलं की मी पोटमाळ्यावर जायची. खरं सांगितलं असतं तर त्यांची आठ वर्षं त्यांच्या पायाशी कोसळली असती, आणि सांगत नव्हते म्हणून मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग टपालाने शर्यतीची सीडी आली. आमच्याकडे प्लेअर नव्हता, म्हणून मोहिनी आंटींकडे सगळे बसलो. माझा भाग मिनिटभराचा. पप्पांनी तो पहिल्या वळणापर्यंत बघितला, रिमोट मागून घेतला, मागे नेला, पुन्हा बघितला. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या पायांपाशी चित्र थांबवलं. मोहिनी आंटी म्हणाल्या, बेचारी बच्ची, बरफ ही ऐसा होता है. पप्पा रिमोट परत देऊन उठले. घराच्या दाराशी आल्यावर, कडी काढताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला ठाऊक होतं गं. पहिल्या वर्षीच कळलं होतं."

"मग काकांना विचारलं का नाही?"

"विचारलं असतं आणि जागाच गेली असती तर?"

त्या रविवारी मंडळाची बैठक होती. मी गेले नाही, आईने येऊन सांगितलं. म्हणाली, तुझा बाप उभा राहिला, हात खिशाबाहेर काढले आणि सगळ्यांसमोर म्हणाला की मुलीला सरावापुरतं डावीकडून फिरू द्या, मी मागतो. दोन-चार जणी कुरकुरल्या. एकीने सुचवलं की तेवढा वेळ दाराला पडदा लावावा. तरुण पोरं म्हणाली, आपला धम्म विवेकाचा, फेरी कुठूनही घातली म्हणून बुद्ध रागावतो का? साळवेकाका ऐकत बसले होते. शेवटी ते म्हणाले, "बबन, हे तू आठ वर्षांपूर्वी का नाही विचारलंस? मी तेव्हाच हो म्हटलं असतं."

आईने हे कौतुकाने सांगितलं. मला मात्र ते ऐकून एवढा राग आला की कानशिलं तापली. एक वाक्य. आठ वर्षं, सगळ्या पहाटा, पायरीवरच्या मुलींच्या सगळ्या गोष्टी, तो पंच, त्या टाळ्या, सगळं एका वाक्यावर अडलं होतं आणि ते वाक्य या माणसाच्या तोंडून निघालं नव्हतं. पप्पा जेवताना खुशीत होते. गुडघा आता बरा आहे ना, म्हणाले, उद्यापासून सुलटं.

पाचला त्यांनी हाक मारली. मी जागी होते. पांघरुणातून हालले नाही. थोड्या वेळाने दार उघडल्याचा आवाज आला. त्यांना वाटलं असावं मी मागून येते. आई पोटमाळ्याच्या शिडीशी येऊन हळू म्हणाली, "ऊठ गं. तो तिथे एकटा उभा राहील." मी उठले नाही. राहू दे उभा, असं मी मनात म्हटलं, आणि हे लिहिताना आजही मला ते शब्द बदलावेसे वाटतात. साताच्या आत पप्पा परत आले, डबा घेतला, बसला गेले. रागावले नाहीत.

दुपारी क्लासला जाताना मी विहारावरून गेले. कोब्यावर खडूच्या खुणा होत्या. कारखान्यात लोखंडावर रेघा मारायचा जो पांढरा खडू असतो, त्याने पप्पांनी विहाराभोवती बाण काढून ठेवले होते, सगळे डावीकडे वळणारे. चारही कोपऱ्यांवर पावलं काढली होती, आणि प्रत्येक पावलात एक अक्षर, "डा" किंवा "उ". "उ"ची पावलं "डा"वरून पुढे गेलेली. एका कोपऱ्यात त्यांचं चुकलं होतं, ते तळहाताने पुसून पुन्हा काढलं होतं. माझी वाट बघत असताना ते स्वतः चपलेने त्या बाणांवरून चालून बघत असणार, कुठला पाय कुठे पडतो ते. मी दप्तर खाली ठेवलं आणि पहिल्या बाणावर उभी राहिले. पायरीवर साळवेकाका पेपर वाचत होते. त्यांनी मला पाहिलं, आणि पेपर वर उचलून तोंडासमोर धरला. मी चपलांनी, हळूहळू, सगळ्या पावलांवर पाय ठेवत एक फेरी घातली. विहार पूर्ण वेळ माझ्या डाव्या हाताला होता.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आधी मी उठले, मोजे चढवले आणि पोटमाळ्यावर बसून राहिले. खाली पप्पा उठल्याचं कळलं. स्टोव्ह पेटला, चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. ते शिडीशी आले, तिथे जरा थांबले. मी हाकेची वाट बघत होते. त्यांनी मारली नाही, आणि मलाही "चला पप्पा" म्हणता आलं नाही. आम्ही दोघं तसेच, ते शिडीखाली आणि मी वर, सात वाजता बसचा हॉर्न वाजेपर्यंत.